पाण्याची धार, घराचे कागद

कुटुंबाच्या पानावर यंत्रखरेदीचा विषय कशाला, असं काही वाचक म्हणतील. पण उद्यमबागेत ज्यांचं पोट आहे त्या घरांना हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे यंत्र येतं म्हणजे घरात एक माणूसच येतं. त्याचं खाणं-पिणं, आजारपण, पाहुणे, सगळं घरानेच बघायचं. कर्जाच्या कागदावर सह्या करताना बँकेला घरातल्या बायकाही आठवतात. मग यंत्र निवडतानाही त्यांनी दोन प्रश्न विचारले तर बिघडलं कुठे?

आमची फॅब्रिकेशनची शेड लहान आहे. सासऱ्यांनी गॅस कटिंग आणि वेल्डिंगवर उभी केलेली. पुढे प्लाझ्मा आला. आता दीर आणि माझा मुलगा मिळून बघतात. हिशेबाची वही मात्र गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. त्या वहीतच एक खर्च दर महिन्याला फुगत चालला होता, तो म्हणजे बाहेरून करून आणायचं वॉटरजेट कटिंग. जाड प्लेटच्या चकत्या, तांब्याच्या पट्ट्या, रबराची गॅस्केट, ॲल्युमिनियमचे ब्लँक. हे सगळं टेम्पोत घालून कोल्हापूरकडे, कधी थेट पुण्याला धाडायचं आणि आठ-दहा दिवस वाट बघायची. दिवाळीनंतर दीर म्हणाले, "वहिनी, आता आपलंच यंत्र घेऊ या." मुलाने तर तीन कोटेशनं आणूनही ठेवली होती. बँकेने तारण म्हणून शहापुरातलं घर विचारलं होतं. घर सासूबाईंच्या नावावर.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पाण्यानं लोखंड कापतंय म्हणता, तर ते पाणी काय साधं हाय?"

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा होता. पाणी साधंच असतं, दाब साधा नसतो. घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत वाफेचा दाब हवेच्या दाबाहून साधारण एक बार जास्त असतो. इथे पाण्यावर चार हजार बारच्या आसपास दाब देतात. ते पाणी ०.२५ ते ०.३५ मिलिमीटरच्या भोकातून सोडलं की ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगाने बाहेर पडतं. नुसत्या पाण्याने कागद, फोम, रबर कापतं. लोखंड किंवा दगड कापायचा तर त्या धारेत गार्नेट नावाची कडक वाळू ओढून मिसळावी लागते. कापते ती वाळू, पाणी तिला फक्त पळवतं.

याचा इतिहास लहानसा आहे, पण मला गंमतीचा वाटला. १९५० च्या दशकात नॉर्मन फ्रान्झ नावाच्या वनशास्त्राच्या अभियंत्याला पाण्याच्या धारेने लाकूड कापायचं होतं. म्हणजे सुरुवात सुताराच्या कामापासून झाली. वाळू मिसळायची युक्ती अमेरिकेतल्या फ्लो कंपनीत मोहम्मद हाशिश यांनी १९७९ च्या सुमारास हाती घेतली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी यंत्रं कारखान्यांत उतरली. उद्यमबागेत त्याची चर्चा व्हायला बराच काळ गेला, ते असो.

गार्नेट म्हणजे काय, हे सांगताना मुलगा सहज म्हणाला की आजीच्या अंगठीतला गोमेद याच खड्यांच्या कुळातला. झालं! सासूबाई दोन दिवस येईल-जाईल त्याला सांगत होत्या, "आमचा नातू गोमेदाची पूड करून लोखंड कापणार आहे." अंगठीतला वेगळा आणि यंत्रातला वेगळा, पण कूळ एकच हे खरं.

आमचा मिस्त्री कन्नडभाषक, सासऱ्यांच्या वेळचा. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नीरु कल्लु कोय्युत्ता, अक्का?" पाणी दगड कापतं का? मी म्हटलं, कापतं म्हणे, आपण जाऊन बघू. "नोडोण," म्हणाला. त्या नोडोणमध्ये किती अविश्वास होता हे आमच्यासारख्या दोन्ही भाषांत वावरणाऱ्यांनाच कळेल.

आता कोटेशनांकडे वळते. पहिलं सगळ्यात स्वस्त, बाहेरून आयात केलेलं, बिघडलं तर माणूस कुठून येणार याचं उत्तर "व्हिडिओ कॉलवर सांगू". तिसरं नामांकित परदेशी यंत्र, सगळं उत्तम, पण बसवून कोटीच्या पुढे. मधलं म्हणजे टेबल आणि सांगाडा देशात बनलेला, पंप आणि कापणारं डोकं बाहेरचं, बसवण्यासकट पन्नास लाखांच्या आसपास. घरातल्या बहुतेक खरेदीत मधलं घेतलं की सगळे खूश असतात. पण मधलं म्हणून घेणं हे काही कारण नव्हे. साडीच्या दुकानातही दुकानदार मधली साडी विकायची म्हणूनच एक फार महाग आणि एक फार साधी आधी उलगडतो.

म्हणून मी आधी वही काढली. गेल्या बारा महिन्यांची बाहेरच्या कटिंगची बिलं एकत्र केली. तासाच्या भाषेत बोलायचं तर सरासरी महिन्याला पस्तीस तासांचं काम आम्ही बाहेर देत होतो, तासाला साधारण तीन हजार रुपयांनी. मग स्वतःच्या यंत्राचा तास कितीला पडेल ते मांडलं. गार्नेट मिनिटाला साडेतीनशे ग्रॅम धरलं तर तासाला एकवीस किलो. आम्हाला मिळालेल्या पंचवीस रुपये किलोच्या दराने सव्वापाचशे. पंप, थंड करायचं यंत्र, कॉम्प्रेसर मिळून पस्तीस युनिट वीज, आठ रुपयांनी दोनशे ऐंशी. नोझल झिजतं त्याचे शंभर. भोकाचा खडा, सील, गाळण्या यांचे शंभर. माणसाचे शंभर. म्हणजे अकराशे झाले.

इथपर्यंत दीर हसत होते. तीन हजार कुठे आणि अकराशे कुठे!

पण हप्ता राहिला की. दहा लाख स्वतःचे घालून चाळीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षं. महिन्याचा हप्ता शहाऐंशी हजारांना जवळ. यंत्र चालो न चालो, तो ठरलेल्या तारखेला जाणार. पस्तीस तासांचं बाहेरचं बिल एक लाख पाच हजार. तेच काम घरी केलं तर अकराशेंनी साडेअडतीस हजार आणि हप्ता शहाऐंशी, म्हणजे एक लाख साडेचोवीस हजार. दरमहा जवळपास वीस हजारांचं नुकसान सोसून आपलं यंत्र! हप्ता भागायला महिन्याला पंचेचाळीस तासांच्या वर काम पाहिजे. त्या पंचेचाळीस आकड्याभोवती मी लाल शाईने गोल केला आणि तो कागद शेडमधल्या कॅलेंडरला टाचला.

दीर म्हणाले की एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी-साहेबांनी शब्द दिलाय, यंत्र घ्या, महिन्याला साठ तासांचं काम आमचं. मी म्हटलं, भाऊजी, लेखी आणा. दोनदा गेले, चहा पिऊन आले. लेखी काही आलं नाही. मी त्या साठ तासांपुढे शून्य लिहिलं. दीर चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. साहेब खोटं बोलले असं नव्हे, पण उद्या त्यांची बदली झाली तर त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर जाणार आणि हप्ता इथेच राहणार.

मग मुलाने वेगळी वाट काढली. आमच्या गल्लीतच सहा शेडवाले असे होते की जे आमच्यासारखंच बाहेर काम धाडत होते. त्यांच्याकडे जाऊन त्याने मागच्या सहा महिन्यांची बिलं बघितली. तोंडी आश्वासन नको, झालेलं काम दाखवा. त्यातून महिन्याला अठरा तास निघाले. पस्तीस आणि अठरा, त्रेपन्न. म्हणजे पंचेचाळीसच्या वर आठ तास. कमाई म्हणाल तर महिन्याला जेमतेम पंधरा हजार. मोठी उडी नव्हे, पण टेम्पो वाचतो, आठ-दहा दिवसांची वाट वाचते, आणि गिऱ्हाईक घाईत असलं की परत जात नाही.

यात एक वजाबाकी मात्र प्रामाणिकपणे करावी लागली. तीन-चार मिलिमीटरचा साधा पत्रा या यंत्रावर कापायचा नाही. फायबर लेझर त्याच्या कितीतरी पट वेगाने कापतो आणि आता तो जागोजागी झालाय. लेझरवाल्याशी पातळ पत्र्यात स्पर्धा करायला वॉटरजेट घेणं म्हणजे शेवया करायला पाटा-वरवंटा घेणं. वॉटरजेटचं काम तिथे, जिथे उष्णता चालत नाही किंवा लेझर पोचत नाही. जाड प्लेट, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, रबर, ग्रॅनाइट. गॅसने किंवा प्लाझ्माने कापलेल्या कडेला आच लागून पोलाद कडक होतं, मग पुढे ड्रिल मारताना टूल तुटतं. पाण्याच्या धारेने तसं होत नाही. हत्तरगीच्या विमान-भागांच्या वसाहतीमुळे ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटचं काम आपल्या भागात फिरू लागलंय. इलकलकडचा लाल ग्रॅनाइट कापून फरशीत नक्षी बसवणारे आहेत. काच कापते, पण टफन केलेली काच मात्र नाही, तिला धार लागली की तिचा चुरा होतो. हे आधी विचारून घ्यावं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या काचेचे पैसे आपल्याला भरावे लागतात.

यंत्र बघायला आम्ही चौघं गेलो, मिस्त्रीसकट. विक्रेत्याच्या शोरूममध्ये नव्हे. तसंच यंत्र तीन वर्षं वापरणाऱ्या एका कारखान्यात. शोरूममध्ये स्टीलचा मोर आणि गणपती कापून दाखवतात. सुंदर असतात, पण आपण मोर विकत नाही. आम्ही आमची पंचवीस मिलिमीटरची प्लेट, आमच्या साखळीच्या चक्रीचं ड्रॉइंग आणि ग्रॅनाइटचा एक तुकडा सोबत नेला. ही गोष्ट कुणीही करावी. आपला माल, आपलं ड्रॉइंग, आपलं घड्याळ.

चक्रीचा बाहेरचा घेर सत्तर सेंटिमीटर. पहिल्यांदा वेगाने कापली, बारा मिनिटं लागली. कड हातात घेऊन बघितली तर वरचा अर्धा भाग सायीसारखा गुळगुळीत आणि खालचा अर्धा शेवयांसारखा रेघारेघांचा. मग सावकाश कापायला सांगितलं. तेवीस मिनिटं लागली, कड खालपर्यंत साफ. म्हणजे एकाच यंत्रावर एकाच चक्रीचे दोन दर. विक्रेता बोलताना बारा मिनिटांचा हिशेब सांगतो आणि हातात देतो ती तेवीस मिनिटांची चक्री. मिस्त्रीने कुणी न सांगता खिशातून व्हर्निअर काढला आणि वरून-खालून मापं घेतली. धार खाली जाताना जोर गमावते म्हणून कड किंचित तिरकी होते. वेगाने कापलेल्या चक्रीत फरक जास्त आला, सावकाश कापलेलीत साधारण दशांश मिलिमीटर. महागड्या यंत्रात डोकं स्वतः तिरकं होऊन ही चूक भरून काढतं. आमच्या चक्र्यांचे दात पुढे मशीनिंगला जातातच, तेव्हा त्या तिरक्या डोक्याचे पंधरा लाख आम्ही वाचवले. ज्यांना थेट बसणारा भाग द्यायचाय त्यांनी ते वाचवू नयेत.

तेवीस मिनिटांत आठ किलो गार्नेट गेलं. मिस्त्री रिकाम्या पोत्याकडे बघत म्हणाला, "हनि हनि गूडिदरे हळ्ळ." थेंब थेंब जमला की ओढा. तो कमाईबद्दल बोलत नव्हता, खर्चाबद्दल बोलत होता!

मालक जेवायला गेल्यावर आम्ही ऑपरेटरशी बोललो. खरी माहिती तिथेच मिळते. शेवटचं यंत्र कधी बंद पडलं, किती दिवस? सील कोण बदलतं? त्याने सांगितलं की सील तो स्वतः दोन तासांत बदलतो, पण सुटा भाग हाताशी नसला तर आठवडा जातो. म्हणून कोटेशनमध्येच सीलचे दोन संच, चार नोझल, भोकाचे खडे लिहून घ्या. माणिक किंवा नीलमाचा खडा स्वस्त पण लवकर जातो. हिऱ्याचा महाग, पण कितीतरी पट टिकतो. गळणाऱ्या पाण्याचं डबकं पंपाखाली दिसलं तर काय समजायचं, हेही त्यानेच सांगितलं.

पंपावरून आमच्या घरात खरा वाद झाला. दोन जाती असतात. एक मोटारीवर क्रँक फिरवून थेट दाब देणारा. वीज कमी खातो, आवाजही कमी. दुसरा इंटेन्सिफायर, त्यात तेलाचा दाब मोठ्या दट्ट्यावर घेऊन लहान दट्ट्याने पाणी दाबतात. तेलाचे दोनशे बार, दट्ट्यांच्या क्षेत्रफळात वीसपटीचा फरक, म्हणून पाण्याचे चार हजार. तेल तापतं, वीज जास्त जाते. मुलाचा कल पहिल्याकडे होता. वीजबिलाच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. पण मी विचारलं, रात्री नऊला बंद पडला तर उद्यमबागेत कोण हात लावेल? बेळगावात तेलाच्या हायड्रॉलिक्सची जाण असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. इंटेन्सिफायरचा तेलाचा अर्धा भाग त्यांच्या ओळखीचा. राहिला पाण्याचा भाग, तो ऑपरेटर शिकेल. दुसऱ्या गावात कदाचित उलटा निर्णय योग्य ठरला असता. आम्ही इंटेन्सिफायर ठरवला, तीस किलोवॉटचा. साठ घेतला तर वेगाने कापेल, हे खरं. पण साठच्या विजेचा मंजूर भार वाढवून घ्यायचा खर्च वेगळा, आणि त्रेपन्न तासांच्या कामाला तो लागतच नाही. टेबल दीड मीटर गुणिले तीन मीटर. यापेक्षा मोठी प्लेट वर्षातून दोनदा येते, ती पूर्वीसारखी टेम्पोत जाईल.

आता पाणी. सगळ्यात कमी विचार याचाच होतो. मिनिटाला तीन लिटर धरलं तरी आठ तासांत दीड हजार लिटर. राकसकोप भरलेला असो नसो, औद्योगिक वसाहतीत मार्च-एप्रिलला टँकर फिरतातच. शिवाय कुठलंही पाणी चालत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलला दोन वर्षांत पांढरा थर चढतो. तो थर त्या बारीक भोकाच्या खड्यावर आणि सीलवर चढला तर शंभर तास टिकणारी वस्तू वीस तासांत जाते. मी पाण्याचा नमुना तपासायला दिला. विरघळलेले क्षार, कडकपणा आणि सिलिका, तिन्ही आकडे यंत्रवाल्याला आधी पाठवले आणि त्याच्याकडून लेखी घेतलं की या पाण्याला कुठली शुद्धीकरणाची सोय लागेल. ती सोय अडीच लाखांची निघाली, कोटेशनमध्ये कुठेही नव्हती. ही रक्कम आधी कळली म्हणून पचली.

आणि गाळ! याचा विचार घरात केर काढणाऱ्या बाईला सुचला, यात नवल नाही. तासाला एकवीस किलो, महिन्याला त्रेपन्न तास म्हणजे गार्नेट अकराशे किलो. एक टनाहून जास्त वाळू दर महिन्याला शेडमध्ये येणार. मग ती जाणार कुठे? टाकीच्या तळाशी बसणार, कापलेल्या धातूच्या कणांसकट. म्हणजे महिन्याला एक टन गाळ उपसायचा. वाळू स्वतः निरुपद्रवी, पण तिच्यात मिसळलेल्या धातूवर सगळं अवलंबून. गटारात सोडता येत नाही, आणि पावसाळ्यात तर गटारच परत आत येतं. शेडच्या मागे दोन कप्प्यांची गुंडी, वरून पत्रा, आणि गाळ कोण उचलणार त्याची लेखी सोय, एवढं झाल्याशिवाय यंत्र उतरवायचं नाही, असं मी सांगून टाकलं. मुलाला हे बायकी वाटलं. मिस्त्रीला मात्र पटलं, कारण फावडं त्याच्या हातात येणार होतं.

गार्नेटच्या पुरवठ्याबद्दलही सांगते. तमिळनाडूच्या समुद्रकिनाऱ्यावरून ही वाळू मोठ्या प्रमाणात यायची. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने किनाऱ्यावरचं खाणकाम थांबवलं. ओडिशात गंजम जिल्ह्यात सरकारी कंपनी काढते, ऑस्ट्रेलियाची येते. म्हणजे दर आणि प्रत दोन्ही बदलू शकतात. रवा जसा बारीक-जाड चाळून विकतात तशी ही वाळू जाळीच्या नंबरावर मिळते. आपल्या कामाला ऐंशी नंबर. स्वस्त पोत्यात पीठ आणि खडे एकत्र असले तर नळी तुंबते आणि अर्धी कापलेली प्लेट वाया जाते. दोन पुरवठादारांची एकेक पोती मागवून घरच्या चाळणीतून चाळून बघितली. एकाच्यात पूड जास्त निघाली. चाळणी परत स्वयंपाकघरात गेली नाही, नवी आणली.

सुरक्षेचं मी मुद्दाम शेवटी ठेवलेलं नाही, बोलण्याच्या ओघात मागे पडलं. धारेखाली हात घालू नये हे कुणीही समजेल. पण दाबाच्या नळीच्या जोडावर केसाएवढी गळती असली आणि ती बोटाने चाचपली, तर पाणी कातडी भेदून आत शिरतं. बाहेर सुईच्या टोकाएवढी जखम दिसते, रक्तही फार येत नाही, आणि आत बोट, हात खराब होत जातो. अशा जखमेला पट्टी बांधून घरी जायचं नसतं. त्याच तासाला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं आणि दाबाच्या पाण्याची जखम आहे हे सांगायचं. यंत्राचं पुस्तक इंग्रजीत. मिस्त्री कन्नड वाचतो, हाताखालचे दोघे मराठी. माझ्या मुलीने आणि मिस्त्रीच्या लेकाने बसून सूचनांची दोन भाषांत एक पाटी केली आणि खिशात ठेवायचं एक कार्डही. कार्डावर वर कन्नड, खाली मराठी.

यंत्रावर माणूस कोण, हाही प्रश्न होता. मुलगा म्हणे, डिप्लोमा झालेला पोरगा ठेवू. मिस्त्री चोपन्न वर्षांचा. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून डबा खायला आमच्यात बसेना. मी मुलाला म्हटलं, संगणकाचं बटण दाबणारा पोरगा मिळेल, पण कड बघून वेग कमी कर म्हणणारा कुठून आणशील? ड्रॉइंग पोरगा टाकेल, वेग मिस्त्री ठरवेल. यंत्रवाल्याच्या पाच दिवसांच्या शिकवणीला दोघांची नावं लिहून घेतली. आता मिस्त्री परत डबा घेऊन आमच्यात येतो आणि भाकरी मोडता मोडता पोराला गार्नेटचे नंबर विचारतो.

राहिलं घर. मी बँकेत जाऊन सरळ विचारलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सरकारची पत हमी योजना २००० सालापासून आहे, तारणाशिवाय कर्ज त्यात बसतं, मर्यादा २०२३ मध्ये पाच कोटी झाली, २०२५ मध्ये दहा कोटी. मग आमच्या चाळीस लाखांना सासूबाईंचं घर कशाला? अधिकारी भला माणूस. म्हणाला, "वहिनी, घर असलं तर बँकेला सोपं जातं." सोपं बँकेला, अवघड सासूबाईंना! हमी योजनेत दरवर्षी थोडी फी द्यावी लागते, आणि हमी बँकेला असते, आपल्याला नव्हे. कर्ज बुडालं तर वसुली आमच्याकडूनच व्हायची, दीर आणि मुलगा स्वतः बांधील आहेतच. पण छप्पर कागदावर चढत नाही. फी आणि घर यांत आम्ही फी निवडली. तीन आठवडे जास्त गेले, दोन ताळेबंद जास्त द्यावे लागले, पण मंजुरी आली.

सासूबाईंना सांगितलं की सही नको. त्या म्हणाल्या, "सही केली असती की मी. पण विचारलंस ते बरं केलंस." मग अंगठी फिरवत मुलाला म्हणाल्या, "ते यंत्र आलं की मला नेऊन दाखव, गोमेद कसा पळतोय ते."

दहा टक्के आगाऊ रक्कम भरली आहे. ऑर्डरमध्ये तीन ओळी आम्ही आमच्या घातल्या. आमच्याच प्लेटवर आमच्याच शेडमध्ये कापून दाखवल्यावर शेवटचे वीस टक्के. बंद पडल्यास अठ्ठेचाळीस तासांत माणूस. सुट्या भागांचा दर दोन वर्षं तोच. दुसऱ्या ओळीवर यंत्रवाला बराच कुरकुरला, शेवटी बहात्तर तासांवर आला. गुंडीचं खोदकाम या सोमवारी सुरू होतंय, पावसाच्या आत सिमेंट वाळलं पाहिजे. गाळ नेण्याबद्दल दोघांशी बोलणं चाललंय. वाचकांपैकी कुणाच्या शेडमध्ये हे यंत्र आधीपासून असेल, तर तुमचा गाळ कोण उचलतं आणि काय घेतं, तेवढं साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवा.